हरायला उभा केलेला अध्यक्ष

करडेवाडीत वाचनालय निघावं म्हणून शांतलिंगानं तीन वर्षं जिवाचं रान केलं, आणि तीन वर्षांनी त्याच्या पदरात काय पडलं, तर डोक्याला ताप. उमरग्याहून सास्तूरला जाणाऱ्या वाटेवरचं हे गाव. साल पंचेचाळीस. राज्य निजामाचं. शाळा उमरग्याला, ती उर्दूतली, आणि टपाल आठवड्यातून एकदा, तेही पोस्टमनच्या पायात काटा मोडला नाही तर. शांतलिंग लहानपणी मामाकडं सोलापूरला राहून मराठी सात इयत्ता शिकला होता. गावात त्याचं किराणा दुकान होतं, पण लक्ष दुकानात कमी आणि पुड्या बांधायच्या रद्दीत जास्त. गिऱ्हाईक साखरेसाठी ताटकळलेलं, आणि हा पठ्ठ्या सहा महिन्यांपूर्वीची बातमी वाचत उभा!

"आवो, साखर बांधा आधी," आतून त्याची बायको महानंदा ओरडायची. "त्या कागदातली लढाई कवाच संपली!"

पण शांतलिंगाला रद्दी नको होती, ताजं वर्तमानपत्र हवं होतं. एक खोली, एक कपाट, चार पुस्तकं, आणि दारावर पाटी: अध्यक्ष, शांतलिंग अमुकतमुक. हो, पाटी हवी होती. का नको? तीन वर्षं अर्ज त्यानं खरडले, चपला त्यानं झिजवल्या. गावानं नुसतं "बगू की" म्हटलं.

मग कुणीतरी त्याला सोलापूरच्या वाचन निधीचा पत्ता दिला. गुरुसिद्धप्पा नावाचे कापडाचे बडे व्यापारी, मूळचे इकडचेच, इंग्रजी मुलखात जाऊन मोठे झालेले. निजामाच्या मुलखात लोकांनी वाचावं, एकत्र बसावं, आपला कारभार आपण करायला शिकावं, यासाठी मरताना त्यांनी हा निधी ठेवला होता. निधी रोकड देत नसे. वर्तमानपत्र, पुस्तकं, कपाट आणि एक मोठा कंदील द्यायचा. अट मात्र एक: वाचनालयाचा अध्यक्ष गावानं मतदानानं निवडलेला पाहिजे. बाया-पुरुष सगळ्यांचं मत, तेही गुप्त, आणि उमेदवार किमान दोन.

निधीचे चिटणीस पंचाक्षरी स्वतः गावात आले. चष्मा लावलेले, सडपातळ, बोलणं मऊ, पण नियमाच्या बाबतीत दगड.

"दोन उमेदवार कशाला?" शांतलिंग म्हणाला. "सगळं गाव मलाच मानतंय. विचारा कुणालाबी."

"विचारायचं नाही, शांतलिंगप्पा. मोजायचं," पंचाक्षरी म्हणाले.

आता आली का पंचाईत! गावात कुणाच्या विरोधात उभं राहणं म्हणजे उद्यापासून त्याच्या घरचं लग्नाचं बोलावणं बंद. कोण घेईल असलं झेंगट गळ्यात? शांतलिंगानं घरोघर विचारलं. "तुमच्या इरुद्ध? छ्या छ्या!" म्हणत जो तो कानाला हात लावायचा. शेवटी त्याला बिराप्पा सुचला. बिराप्पा धनगर. साठ-सत्तर मेंढरं, अंगठाबहाद्दर, गावात कुणाशी वैर नाही की कुणाच्या अध्यात मध्यात नाही. शांतलिंग त्याच्या मेंढरांच्या वाड्याकडं गेला तेव्हा तो कोकराच्या पायाला हळद लावत होता.

"बिराप्पा, तू नुसता उभा राहा. तुला काय करायचं न्हाय. हरायचं, बास."

"हरायचंच हाय न्हवं?" बिराप्पा हसला. "मग ऱ्हातो की अण्णा. हरायला काय अवघड हाय?"

शांतलिंगाचा जीव भांड्यात पडला. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो हसत सांगू लागला, "बिराप्पा नावापुरता हाय बरं का. नियम म्हणून." सांगायला नको होतं. पण उत्साहात माणसाचं तोंड कुठं थांबतंय!

आता मतदान घ्यायचं कसं? सरकारी गश्ती म्हणजे फतवा होता, परवान्याशिवाय सभा घ्यायची नाही. मग श्रावणातला सोमवार धरला. मठात दर्शनाला गाव येतंच. येईल त्यानं महादेवाला बेल वाहायचा, पंचाक्षरींच्या हातून एक चिंचोका घ्यायचा आणि गाभाऱ्याच्या बाजूला आडव्या बांधलेल्या घोंगड्याच्या मागं जायचं. तिथं दोन गाडगी. एकावर विभूतीचे पट्टे, ते शांतलिंगाचं. दुसऱ्यावर भंडाऱ्याचा पिवळा ठिपका, ते बिराप्पाचं. चिंचोका टाकायचा आणि प्रसाद घेऊन घरी जायचं. ना सभा, ना भाषण.

शांतलिंगाचा नंबर आला. घोंगड्यामागं अंधूक उजेड. दोन गाडगी शेजारी शेजारी. चिंचोका विभूतीच्या गाडग्यावर धरला आणि त्याचा हात अडला. स्वतःच स्वतःला मत द्यायचं? हे काय बरं दिसतं का! कुणी बघत नाही, ठीक आहे, पण महादेव बघतोय की. आणि तो बिचारा बिराप्पा. आपल्या शब्दाखातर उभा राहिला. मोजताना त्याच्या गाडग्यातून काहीच निघालं नाही, तर चारचौघांत किती ओशाळेल! शांतलिंगानं चिंचोका भंडाऱ्याच्या गाडग्यात टाकला. बाहेर आला तेव्हा स्वतःच्या मोठेपणानं त्याची छाती चांगली फुगलेली होती.

दुपारी पंचाक्षरींनी गाडगी सगळ्यांदेखत पालथी केली. एकूण चिंचोके एक्क्याऐंशी. विभूतीचे चाळीस. भंडाऱ्याचे एक्केचाळीस.

पंचाक्षरींनी पुन्हा मोजले. पुन्हा तेच.

"बिराप्पा एका मतानं निवडून आले," ते म्हणाले.

"आँ?" बिराप्पा म्हणाला. त्याच्या तोंडातला प्रसाद तसाच राहिला.

शांतलिंगाच्या पायाखालची वाळू सरकली. एका मतानं! त्याच्या स्वतःच्या एका मतानं! तो चिंचोका त्यानं बोटं उलगडून मुद्दाम पलीकडं टाकला होता. आणि हे सांगायचं कुणाला? गुप्त मतदान ना? भोगा आता.

घरी येऊन तो महानंदावर उखडला. "एवढी एक्केचाळीस माणसं आली कुठून? धनगराची घरं तर पाच!"

महानंदा भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "एक तर म्याच दिलं."

"तू? माझी बायको असून?"

"आवो, तुमाला पडणारच हुती की सगळ्यांची! तुमीच सांगत हिंडत हुता नावापुरता हाय म्हणून. म्हटलं गरिबाच्या गाडग्यात एक तरी पडू द्या. रुद्रम्मा आत्यानं बी तसंच केलं. गजराबाईनं बी." मग तिनं मान वर केली. "तुमी तरी स्वतःला दिलं न्हवं?"

शांतलिंग चरफडत उठला आणि न जेवताच दुकानात जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी गावातली चार वडीलधारी माणसं पंचाक्षरींकडं गेली. चूक झाली, म्हणाली. आमाला शांतलिंगच पायजे हुता. एकडाव परत घ्या. बिराप्पाही मान डोलावत होता. त्याचीही काही हरकत नव्हती. पंचाक्षरींनी सगळं ऐकून घेतलं.

"मत एकदा दिलं की परत घ्यायचं नसतं," ते म्हणाले. "मनासारखं झालं नाही म्हणून पुन्हा मोजायचं, तर मग इतकी वर्षं चाललंय तेच काय वाईट? पुढच्या वेळी नीट विचार करून चिंचोका टाका. वर्षभर बिराप्पा अध्यक्ष. निधीचं सामान त्यांच्या नावानं येईल. नाहीतर येणार नाही."

झालं. पाटी आली: अध्यक्ष, बिराप्पा. खाली बारीक अक्षरात, चिटणीस, शांतलिंग. ती पाटी खिळ्यानं ठोकली शांतलिंगानंच, कारण बिराप्पाला कुठली बाजू वर ते कळत नव्हतं. हातोडीचा एक घाव शांतलिंगानं अंगठ्यावर मारून घेतला तो वेगळाच.

वाचनालय सुरू झालं. शांतलिंग रोज सकाळी झाडून घ्यायचा, वर्तमानपत्र पसरायचा आणि वाचत बसायचा. मधूनच मठाचे स्वामी यायचे, मधूनच पाटलाचा पोरगा. गावात वाचता येणारी माणसं सगळी मिळून अकरा. महिन्याभरानं बिराप्पा आला, खांद्यावर घोंगडी, दारातच उकिडवा बसला.

"अण्णा, ह्यात आमाला काय हाय?"

"म्हंजे?"

"एक्केचाळीस मानसांनी मला हितं बसवलं. त्यातल्या चार जणाला बी वाचता येत न्हाय. ते मला इचारत्यात, बिराप्पा, कपाट आलं, कंदील आला, आमाला काय? म्या काय सांगू? तुमी मोठ्यानं वाचत जावा की."

"अरे बाबा, मोठ्यानं वाचलं की माणसं जमतात. माणसं जमली की सभा. सभा म्हटली की परवाना. उचलून नेतील!"

"मग परवाना मागू."

किती सरळ! परवाना मागू म्हणे! शांतलिंगाला हसावं की रडावं कळेना. पण अध्यक्षाचं म्हणणं. त्यानं बाजारात शिकलेल्या मोडक्यातोडक्या उर्दूत अर्ज लिहिला, खाली बिराप्पाचा अंगठा घेतला आणि उमरग्याला कचेरीत नेऊन दिला. मग सुरू झाल्या खेपा. आज साहेब दौऱ्यावर हाईत. आज पेशकाराची तब्येत नरम हाय. आज जुम्मा. अर्ज वर गेलाय. अर्ज खाली आलाय. सहा खेपा झाल्या. सातव्या खेपेला कारकून म्हणाला, कुठला अर्ज? शांतलिंग भर बाजारातून मोठमोठ्यानं शिव्या देत बसअड्ड्यावर आला. नाकी नऊ आले होते त्याच्या.

बिराप्पानं हे ऐकून डोकं खाजवलं. "अण्णा, मेंढरं कातरायला परवाना लागतो का?"

"न्हाय."

"कातरताना मानसं येत्यात. लोकर उचलायला बाया येत्यात, टकळीवर सूत काढत बसत्यात. चार-चार घंटे. तुमी तितं कडेला बसून तुमचं वाचा. आमच्या कानात पडलं तर पडलं."

आणि दिवाळीनंतर तसंच सुरू झालं. बिराप्पाच्या वाड्यासमोर मोठ्या कातरीची कचकच चालायची, मेंढरं ओरडायची, बायकांच्या टकळ्या फिरायच्या, आणि शांतलिंग दगडावर बसून वाचायचा. सुरुवातीला रागानंच वाचायचा. कोण ऐकतंय मेलं! पण बिराप्पाची बायको हरणाबाई मधेच म्हणायची, "थांबा वो, ते परत सांगा." रुद्रम्मा आत्या विचारायची, "मंजे त्यानी आपल्याला ईचारून करायला पायजे व्हय?" असले प्रश्न त्या अकरा जणांनी जन्मात विचारले नव्हते. कातरणी संपली तरी बायका सूत काढायला येतच राहिल्या. त्यावर्षी बिराप्पा मेंढरांबरोबर लांब गेलाच नाही. कळप भावाबरोबर पाठवला आणि आपण गावात राहिला. "अध्यक्ष हाय न्हवं म्या," तो म्हणाला. शांतलिंगाला ते शब्द अजून टोचायचे, पण पूर्वीइतके नाही.

फाल्गुनात लेव्हीचं, म्हणजे सक्तीच्या वसुलीचं, धान्य गोळा करायला सरकारी माणसं आली. दरवर्षी मापं भरायची, पोती जायची, कुणी काही विचारायचं नाही. त्यावर्षी करडेवाडीतल्या प्रत्येक घरानं विचारलं, "पावती?" वर्तमानपत्रात वाचलं होतं, की दिलेल्या धान्याची पावती घ्यावी. रुद्रम्मा आत्या तर पायलीवर हात ठेवून बसली. पावती न्हाय तर जवारी न्हाय. वसुलीचा माणूस लालबुंद झाला आणि तसाच परत गेला.

तिसऱ्या दिवशी उमरग्याचा पोलीस अंमलदार, अमीनसाहेब आला, बरोबर दोन शिपाई. वाचनालयाच्या दारात उभा राहून त्यानं खिशातून कागद काढला. शांतलिंगानं तो लांबूनच ओळखला. त्याच्याच हातचा अर्ज! सात खेपांत जो सापडला नाही, तो आता बरोबर सापडला होता.

"परवाना माँगा, मिला नहीं, फिर भी जलसा किया," अमीन म्हणाला. "सदर कौन है? तुम्हारा अध्यक्ष?"

शांतलिंग पुढं झाला. "मीच वाचत होतो. सगळं माझंच आहे. अर्जपण मीच लिहिला."

"तुमको कौन पूछता है?" अमीननं अर्जाखालच्या अंगठ्यावर बोट ठेवलं. "सदर बिराप्पा. कौन है बिराप्पा?"

"म्या हाय की," मागून आवाज आला. बिराप्पानं हातातली टकळी हरणाबाईकडं दिली, घोंगडी खांद्यावर टाकली आणि पुढं आला.

"अहो, त्याला वाचतासुद्धा येत न्हाय!" शांतलिंग ओरडला. "तो नुसता नावाला हाय!"

बिराप्पानं त्याच्याकडं एकदा बघितलं. मग शिपायांच्या मधून चालू लागला.

बिराप्पाला सहा महिन्यांची शिक्षा झाली. धाराशिवच्या तुरुंगात पाठवलं. शांतलिंगानं सोलापूरला पत्र टाकलं: अध्यक्षांसाठी वकील द्या, अपील करायचं आहे. दीड महिन्यानं उत्तर आलं. छान टंकलेलं. निधीला झाल्या प्रकाराबद्दल अत्यंत खेद वाटतो. तथापि वर्तमानपत्र, पुस्तके, कपाट व कंदील यांखेरीज अन्य बाबींसाठी साहाय्य देण्याची तरतूद नाही. तसेच अध्यक्ष तीन महिन्यांहून अधिक काळ गैरहजर राहिल्यास नवी निवडणूक घेणे बंधनकारक आहे, अन्यथा साहाय्य बंद होईल. चिटणीस पंचाक्षरी पुढील महिन्यात येतील.

"कंदील देतात म्हणे!" शांतलिंगानं पत्र आपटलं. "लोकांनी एकत्र बसावं म्हणून निधी काढला. बसलो. त्याबद्दल माणूस आत गेला, तर हे खेद पाठवतात!"

गाव मात्र खूश होतं. झालेली चूक दुरुस्त करायची संधी आली होती. "ह्या डावाला एकबी चिंचोका इकडं तिकडं न्हाय जायचा, अण्णा," जो तो सांगू लागला. हरणाबाईसुद्धा येऊन म्हणाली, "घ्या तुमी. त्यानला काय त्याचं?" पाटी अलगद हातात येत होती. दोन शब्द बिराप्पाकडून आणले की झालं, आपलं नाव मागं घेतो असे. शांतलिंगानं ते लिहून घेतलं, शाईची डबी घेतली आणि धाराशिवला गेला.

तुरुंगात गजांपलीकडं बिराप्पा आला तो निम्मा झालेला. डोक्यावरचा रुमाल नव्हता, त्यामुळं ओळखूच येईना. पण शांतलिंगाला बघून त्याचं तोंड उजळलं.

"मेंढरं कशी हाईत? वाचताय न्हवं?"

"वाचतोय," शांतलिंग म्हणाला. खोटं बोलला. अमीन येऊन गेल्यापासून त्यानं एक ओळ मोठ्यानं वाचली नव्हती.

"हितं शिकलेली मानसं लई हाईत अण्णा. वकील हाईत, मास्तर हाईत. पैल्या दिशी इचारलं, तू कशापायी आलास? चोरी का? म्या म्हटलं, न्हाय वो. म्या अध्यक्ष हाय. त्ये हसले. म्हणले, तुला कुनी केलं अध्यक्ष?" बिराप्पा गजाला धरून पुढं वाकला. "म्या सांगितलं, एक्केचाळीस मानसांनी. कुनाला न दाखवता, कुनाच्या भ्यानं न्हाय, आपापल्या मनानं मला मत दिलंय. मोजून दिलंय. तवापासून एकबी हसत न्हाय बगा. अण्णा, त्यातल्या वकिलाला बी अजून कुनी मत दिल्यालं न्हाय!"

शांतलिंगाच्या खिशात तो कागद होता, आणि शाईची डबी. आपापल्या मनानं! दया म्हणून टाकलेले चिंचोके, आणि हा माणूस त्यांच्यावर तुरुंग काढत होता. राग कुणाचा आला म्हणावं? निधीचा, अमीनचा, गावाचा. पण सगळ्यांत जास्त स्वतःचा.

"कायतरी काम हुतं का?" बिराप्पानं विचारलं.

"न्हाय," शांतलिंग म्हणाला. "नुसतं भेटायला आलो होतो. तुमची तब्येत बघायला."

जन्मात पहिल्यांदा त्यानं बिराप्पाला तुम्ही म्हटलं. बिराप्पाच्या ते ध्यानातही आलं नाही.

पुढल्या महिन्यात पंचाक्षरी आले. बरोबर वार्षिक तक्त्याचा छापील कागद होता. गाव मठात जमलं, गाडगी धुऊन ठेवली होती. पंचाक्षरींनी चष्मा पुसला आणि रकाने वाचायला सुरुवात केली. पुस्तकं किती? सदतीस. वाचक किती?

"ऐंशी," शांतलिंग म्हणाला.

"वाचता येणारे अकरा आहेत ना?"

"ऐकणारे धरून ऐंशी. लिहा."

पंचाक्षरींनी लिहिलं. "अध्यक्ष हजर की गैरहजर?"

"हजर."

"शांतलिंगप्पा, मला माहीत आहे ते कुठं आहेत."

"वाचनालयाच्या कामावर हाईत. तुमच्या निधीला जे पायजे हुतं ना, त्याच कामावर. लिहा, हजर."

"असं लिहिता येत नाही. निवडणूक घ्या. तुम्ही उभे राहा, सगळे तुम्हाला देतील. तुम्हाला हेच तर हवं होतं." पंचाक्षरींचा आवाज खाली आला. "नाहीतर मला सगळं बंद करावं लागेल. नियम मी केलेले नाहीत हो."

"मत एकदा दिलं की परत घ्यायचं नसतं, असं कोण म्हणालं होतं?" शांतलिंग कडाडला. "आमी तुमच्या पाया पडत होतो तेव्हा न्हाय म्हणालात. आता शहाणपण आलं तर घ्या म्हणता! वर्ष भरायला दोन महिने हाईत. तोवर ते अध्यक्ष. करा बंद!"

"अण्णा, इचार करा," कुणीतरी म्हणालं. "वर्तमानपत्र बंद हुईल."

शांतलिंगानं वळून बघितलं. रुद्रम्मा आत्या, गजराबाई, महानंदा, सगळी तिथं बसली होती.

"एक्केचाळीस जणांनी दिलंय ना त्यांना?" तो म्हणाला. "मग निभवा की!"

कुणी उठलं नाही. गाडगी तशीच राहिली. पंचाक्षरींनी त्या रकान्यात काही न लिहिताच तो कागद घडी करून पिशवीत घातला. कपाट, कंदील, पुस्तकं, सगळं निधीच्या मालकीचं, ते दुपारी गाडीत चढवलं. शांतलिंगानं स्वतः हात लावला. गाडी वेशीबाहेर गेली तेव्हा तो दुकानात आला, पुड्यांच्या रद्दीतून त्यातल्या त्यात अलीकडचं पान शोधलं आणि ते घेऊन हरणाबाईच्या अंगणाकडं निघाला.

"आवो, परवाना?" महानंदानं मागून विचारलं.

"मागून बघितला की एकदा," तो म्हणाला आणि टकळ्या घेऊन बसलेल्या बायकांपुढं जाऊन मोठ्यानं वाचायला लागला.